ऊन सर्वांचे, ऊन पाणी कोणाचे?

मनन : मत्तय 5:45, लूक 3:10-11, लूक 14:28



आपल्या भाषेत 'ऊन' हा एकच शब्द दोन ठिकाणी चालतो. अंगणात पडते ते ऊन, आणि न्हाणीत लागते तेही ऊन पाणी. आपल्या आज्या बाळाच्या आंघोळीसाठी घंगाळे भरून सकाळपासून अंगणात ठेवत. देवाने दिलेल्या उन्हातून घरातले ऊन पाणी होते, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. आज बटण दाबले की गिझर चालू होतो आणि त्या उन्हाची आठवण राहत नाही. आगमनकाळाच्या या थंडीत ती आठवण पुन्हा करू या.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आपल्याला स्वर्गीय पित्याची ओळख करून देतो, ती सूर्याच्या उदाहरणाने. पिता आपला सूर्य चांगल्यांवर उगवतो, तसाच वाइटांवरही उगवतो. त्याच्याकडे भेदभाव नाही. राजापेठेतल्या बंगल्याच्या गच्चीवर जेवढे ऊन पडते, तेवढेच शेजारच्या टिनाच्या छपरावरही पडते.

पण पौषातल्या सकाळी सहा वाजता काय दिसते? एका घरात गिझर चालू होतो. दुसऱ्या घरात आई पाचलाच उठून पऱ्हाट्यांवर पाणी तापवते आणि धूर तिच्या डोळ्यांत जातो. तिसऱ्या घरात म्हातारे आजोबा 'आज नको' म्हणत आंघोळ टाळतात, कारण बिल वाढते म्हणून सून काळजीत असते. देवाने सारखे वाटले, मग आपल्यापर्यंत येताना कमी-जास्त कसे झाले? या प्रश्नाचे उत्तर देवाला नव्हे, आपल्याला द्यायचे आहे.

लूकच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आपणही करू या. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. चार माणसांचे घर म्हणजे रोज दोन युनिट. वऱ्हाडात उन्हाळ्याचे चार महिने गरम पाणी लागत नाही असे धरले, तरी आठ महिन्यांत 480 युनिट होतात, तेही फक्त आंघोळीचे. आपल्या भागात पारसला आणि नांदगाव पेठेला वीज होते ती दगडी कोळशावर. एका युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरला, तर एका कुटुंबाच्या आंघोळीसाठी वर्षाला तीन क्विंटल कोळसा जळतो. त्याची राख आणि धूर कोणाच्या तरी अंगणात पडतोच. बिलावरचा आपला दर घेऊन 480 ला गुणा. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणून वाचलेले युनिट हे वरच्या, महाग टप्प्यातले असतात, हेही लक्षात घ्या.

सोलर बंबाची रचना साधी आहे. काचेखालच्या काळ्या नळ्यांत पाणी तापते, तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते आणि थंड पाणी खाली येते. पंप लागत नाही. टाकीला जाड आवरण असते, म्हणून दिवसा तापलेले पाणी दुसऱ्या सकाळी विसण घालावे लागेल इतके गरम राहते. 100 लिटरचा बंब तीन-चार माणसांना पुरतो. तोंड दक्षिणेला हवे, वर सावली नको, थंड पाण्याची टाकी बंबापेक्षा उंच हवी. काचेवरची धूळ पुसत राहावी. पावसाळ्यात ढगाळ दिवस आले की वीज वापरावी लागेल, पण तेवढेच दिवस. खारपाण पट्ट्यात किंवा बोअरचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षारांचा थर बसतो, म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराला आपले पाणी कोणते ते सांगा. नळ सोडल्यावर प्रथम येणारे गार पाणी बादलीत धरा, सांडू नका.

काही जण पंतप्रधान सूर्यघर योजनेबद्दल विचारतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली ती योजना छतावर वीज तयार करण्यासाठी आहे, पाणी तापवण्याच्या बंबासाठी नाही. पण आपल्या शहराची एक चांगली गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. सोलर बंब बसवणाऱ्यांना मालमत्ता करात 6 ते 10 टक्के सूट देणाऱ्या महापालिकांची जी यादी केंद्रीय मंत्रालय देत असे, तिच्यात ठाणे, नागपूर आणि दुर्गापूरबरोबर अमरावतीचे नाव होते. घर बांधणाऱ्यांनी महापालिकेत जाऊन आजचा नियम जरूर विचारावा.

आता थोडे अवघड बोलतो. आपल्यापैकी काहींची घरे भाड्याने दिलेली आहेत. बंबाचा खर्च घरमालकाने करायचा आणि बिल भाडेकरूचे कमी व्हायचे, म्हणून मालक बसवत नाही. भाडेकरू तर परक्याच्या गच्चीवर पैसे घालणारच नाही. दोघेही हिशेबात बरोबर आणि गच्चीवरचे ऊन वाया. अशा वेळी योहान बाप्तिस्ता आठवावा. आम्ही काय करावे, असे लोकांनी विचारले तेव्हा त्याने लांबलचक उपदेश केला नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, एवढेच सांगितले. ज्याच्याकडे गच्ची आहे, त्याने खालच्या मजल्यावरच्या न्हाणीचाही विचार करावा.

एकट्याला जमत नसेल तर मिळून करावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सामाईक गच्चीचा विषय बैठकीत काढावा. मुलांचे वसतिगृह, वृद्धांचे घर, दवाखाना अशा ठिकाणी रोज शेकडो लिटर गरम पाणी लागते. तिथे दान द्यायचे असेल तर बंब हे पुष्कळ वर्षे चालणारे दान आहे. शिर्डीत 2009 साली 73 मोठ्या परावर्तक तबकड्या बसवून उन्हाच्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक सुरू झाला. प्रभूच्या जन्मभूमीकडेही पाहा. इस्राएलमध्ये 1980 च्या कायद्याने नव्या घरांना सोलर बंब सक्तीचा झाला, आणि बेथलेहेमच्या छतांवरही असे बंब दिसतात. आपले ऊन त्यांच्यापेक्षा कमी आहे का? मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी हाताला चटका देते, यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1225 च्या सुमारास सूर्याला भाऊ म्हणून देवाची स्तुती रचली. तेव्हा ते डोळ्यांच्या आजाराने जवळजवळ आंधळे होते आणि उजेड त्यांना सहन होत नव्हता. तरीही त्यांनी सूर्याला दूषण दिले नाही. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात घरातल्या लहानसहान काटकसरीलाही प्रेमाची कृती मानले.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. आपल्या घरात कोण गार पाण्याने आंघोळ करते, हे विचारावे. मागच्या हिवाळ्यातले वीजबिल काढून हिशेब मांडावा. आणि बंब परवडत नसेल तर निदान एक काळे रंगवलेले पातेले झाकण घालून उन्हात ठेवावे आणि दुपारी त्या पाण्याने घरातल्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालावी.

हे स्वर्गीय पित्या, तू आपला सूर्य सर्वांवर सारखा उगवतोस. तुझे दान आमच्या छतावर थांबू नये, ते गरजवंताच्या न्हाणीपर्यंत पोहोचावे, अशी बुद्धी आम्हाला दे. आमेन.