गच्चीवरची खोली

मागच्या उन्हाळ्यात मी घरपट्टीच्या सर्व्हेचं काम केलं. हातातल्या टॅबवर ड्रोनने टिपलेली छपरं आणि पालिकेच्या जुन्या रजिस्टरमधली घरं. दोन्ही जुळवायची, जुळत नसतील तिथे जाऊन टेपने मोजायचं, वापर विचारायचा, फोटो काढायचा.

दुसऱ्या आठवड्यात आमचीच गल्ली आली. आमच्या गच्चीवर नकाशात एक निळा चौकोन होता. रजिस्टरला त्याचा पत्ताच नव्हता. ताईच्या बाळंतपणाच्या वेळी बाबांनी पत्रे टाकून ती खोली काढली होती. आता तिथे दोन विद्यार्थी भाड्याने राहतात.

बाबा म्हणाले, "आपलंच घर काय मोजतोस? पुढे सरक. नोंद झाली म्हणून काय बांधकाम अधिकृत होणारे? कर तेवढा लागेल."

बाबांचं खोटं नव्हतं. कर भरला तरी बांधकाम नियमित होत नाही. पण त्याच सकाळी मी मागच्या गल्लीतल्या एका आजींची पत्र्याची टपरी नोंदवली होती. "लेकरा, एवढं नको लिहूस," म्हणाल्या होत्या. मी लिहिलं होतं. नियम म्हणून.

मग आमच्या खोलीला वेगळा नियम का?

रस्त्यावरचे दिवे, गटारं, कचरा यांचा खर्च कुणाला चुकत नाही. ज्यांची नोंद नाही त्यांचा वाटा नोंद असलेले भरतात. पूर्वी नोंदीतून सुटायला कारकुनाची ओळख लागायची. बाबांची होती. आजींची नव्हती, पण त्यांच्या टपरीकडे कुणी बघतच नव्हतं. ड्रोनला दोघंही सारखेच दिसले. मला हे न्याय्य वाटतं, आणि तरी आजींचा चेहरा आठवला की पोटात तुटतं.

ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखालची परवड दिसत नाही. ती बघायचं काम नियमाचं. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. तिथे टेप फूटभर चुकला तर माफी जाते. म्हणून मोजमाप अचूक हवं. पण ५०० ही रेघ टेपने आखलेली नाही. ती माणसांनी चर्चा करून, सगळ्यांसाठी आखली. दया करायची तर अशी, उघड आणि लेखी. टेप धरणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली दया शेवटी ओळखीच्याच दारात जाते. त्या दिवशी ती माझ्या दारात उभी होती.

मी टेप सहकाऱ्याच्या हातात दिला आणि खाली जाऊन उभा राहिलो. त्याने खोली मोजली, वापराच्या रकान्यात 'भाडेकरू' लिहिलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

नोटिसा आल्यावर मी आजींकडे गेलो. हरकत घेता येते हे त्यांना माहीतच नव्हतं. टपरीचा अर्धा भाग त्यांची राहण्याची जागा होती आणि मी सगळी 'दुकान' म्हणून टाकली होती. चूक माझी होती. हरकतीचा अर्ज मीच लिहिला, त्यांनी अंगठा दिला.

सुनावणी अजून व्हायची आहे.