थांबवलेला स्वर

व्हायब्राफोनच्या पट्टीवर मॅलेट, म्हणजे वाजवायची काठी, हलकेच मारलं आणि पाय पेडलवर तसाच ठेवला, की स्वर कितीतरी सेकंद घुमत राहतो. धातूच्या 37 पट्ट्या, तीन सप्तकं, प्रत्येक पट्टीखाली एक नळी. स्वर काढायला लहान मूलही चटकन शिकतं. तो थांबवायला शिकण्यात वर्षं जातात.

अडचण पेडलची आहे. पेडल दाबलं की सगळ्या पट्ट्या मोकळ्या, सोडलं की सगळ्या एकदम मुक्या. पियानोत स्वरास्वराला वेगळा डॅम्पर असतो, तशी सोय इथे नाही. एकट्याने जॅझ वाजवणाऱ्याला धून, तिची संगत आणि खर्ज हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं. पेडल सोडलं तर संगत तुटते, दाबून धरलं तर धून गढूळ होते.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात 1943 साली जन्मलेला गॅरी बर्टन हे वाद्य बहुतांशी स्वतःच शिकला. एकट्याने वाजवताना दोन मॅलेटचा नाद त्याला रिकामा वाटे, म्हणून त्याने चार धरली. त्याची ती पकड आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. 1971 साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रेच्या जॅझ महोत्सवात तो एकटा वाजवायला उभा राहिला. ते वादन ‘अलोन अ‍ॅट लास्ट’ या ध्वनिमुद्रिकेत आहे. पुढे 1973 मध्ये डेव्हिड फ्रीडमनने पेडल आणि मॅलेटने स्वर दाबण्याचं तंत्र यांवरच एक अभ्यासपुस्तक लिहिलं.

ते तंत्र जवळून पाहावं. ‘सी’ घुमतो आहे, पुढचा स्वर शेजारचा ‘बी’. दोन्ही एकत्र राहिले तर कानाला खुपतात. म्हणून एक मॅलेट ‘बी’वर पडतं, त्याच क्षणी दुसऱ्याचं सुताने मढवलेलं डोकं ‘सी’च्या पट्टीवर टेकतं. जोरात टेकलं तर ‘सी’ पुन्हा बोलतो, उशिरा टेकलं तर गढूळपणा येऊन गेलेला असतो. खालची संगत मात्र घुमतच राहते.

त्या क्षणी श्रोत्याने काय ऐकलं? नुसता ‘बी’, की ‘सी’चं नसणंही?

नसणं कळतं का, हा वाद आपल्या दर्शनांनी घडा आणि जमीन घेऊन शतकानुशतकं घातला. जमिनीवर घडा नाही म्हणजे नुसती जमीन आहे, अभाव नावाचं वेगळं काही नाही, असं प्राभाकर मीमांसक म्हणतात. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना ते पटत नाही. अभाव हा स्वतंत्र पदार्थ आहे आणि तो प्रत्यक्ष कळतो, असं त्यांचं म्हणणं. वस्तू नष्ट झाल्यावरच्या अभावाला ते प्रध्वंसाभाव म्हणतात: त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. सुरुवात आहे म्हणून कारणही आहे. घडा फुटण्याचं त्यांचं ठरलेलं उदाहरण मुद्गराच्या, म्हणजे मोगरीच्या, प्रहाराचं.

इथे मुद्गर वादकाच्या हातातच असतो. श्रोत्याला ‘सी’ नुसता आठवतो, असं प्राभाकर म्हणू शकेल. पण मग ‘सी’ आपोआप विरला काय आणि नेमक्या क्षणी दाबला काय, फरक पडायला नको होता. तो पडतो, आणि नवख्या कानालाही कळतो. वादक ती शांतता घडवतो. स्वराइतक्याच मेहनतीने घडवतो.

म्हणून रियाजाचा एक साधा पाठ असाही घेता येतो: चार स्वर एकत्र वाजवायचे, पेडल दाबून ठेवायचं आणि मॅलेट टेकवत एकेक स्वर काढून घ्यायचा. चाराचे तीन होतात, तिनाचे दोन. खोली प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने रिकामी होते, आणि विद्यार्थी पुढची पट्टी दाबण्याआधी तेवढं ऐकून घेतो.