सरकारी मुद्रा आणि खोटी आज्ञा

सरकारच्या नांवानें आलेल्या आज्ञेविषयीं शंका घेणें हें अवज्ञेचें लक्षण आहे काय? चंद्रपूर व गडचिरोली या जंगलप्रदेशांतील आमच्या मंडळ्यांपुढें हा जुनाच प्रश्न आज नव्या रूपानें उभा आहे. कर भरणें हें नागरिकाचें कर्तव्य होय असें आम्ही शिकवीत आलों. आणि आतां त्याच कर-खात्याचें नांव घेऊन चोर मोबाइलच्या वाटेनें घरांत शिरूं लागला आहे.

त्याचें पत्र ई-मेलनें येतें. माथ्यावर चार सिंहांची राजमुद्रा, खालीं आयकर विभागाचें नांव. कधीं दंडाची धमकी असते, कधीं परताव्याची लालूच. ऑगस्ट २०२३ मध्यें सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानें असा एक खोटा संदेश उघडकीस आणिला. १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, अमुक क्रमांकाच्या खात्यांत तो जमा होईल, क्रमांक चुकला असल्यास सोबतच्या दुव्यावर जाऊन दुरुस्त करावा, असा त्याचा आशय. यांतील कावा पाहण्यासारखा आहे. तो क्रमांक वाचणाराचा नसतोच! म्हणून वाचणारा भला मनुष्य चूक सुधारण्याच्या घाईनें आपला खरा क्रमांक स्वतःच चोराच्या हातीं देतो. ज्यानें जन्मांत आयकराचा एक पैसा भरला नाहीं तोही हर्षभरित होतो. परत येणार तें काय, हें विचारावयास तो थांबत नाहीं.

असें कां व्हावें? केवळ अज्ञानामुळें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. चपराशी हा शब्द चपरास म्हणजे पट्ट्यावरील पितळी बिल्ला यावरून आला. मालगुजारीच्या काळीं गांवकऱ्यानें चपराशाचें तोंड पाहिलें नाहीं, बिल्ला पाहिला आणि तो उठून उभा राहिला. मालगुजारी १९५१ मध्यें गेली, पण बिल्ल्यापुढें उभें राहण्याची संवय आमच्या अंगांत अद्याप आहे. आणि ही दुर्बळता एकट्या वनवासी लोकांची नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणे पोलिसांनीं मीरा रोड येथील दूरध्वनि-केंद्रांवर छापे घातले. तेथील तरुण मुलें अमेरिकेच्या कर-खात्याचे अधिकारी असल्याचें सोंग करून, अटकेची भीति घालून, तेथील लोकांकडून पैसे उकळीत होतीं. धनाढ्य व सुशिक्षित देशाचे नागरिकही भ्यालेच. (नोकरीच्या शोधांत शहरीं जाणाऱ्या आमच्या मुलांना असल्या केंद्रांत काय काम करावें लागतें, हें त्यांच्या आईबापांनीं एकदां विचारलेलें बरें.)

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आज्ञा पाळणें निराळें आणि ती कोणाची हें ठरविणें निराळें. चोराची आज्ञा पाळल्यानें सरकारचा मान राहत नाहीं. उलट तो चोराला मिळतो. शिवाय आपल्या पत्राची परीक्षा करण्याचा मार्ग सरकारनें स्वतःच खुला केला आहे. १४ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकानें असें ठरलें कीं, १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असावा; कांहीं नमूद अपवाद वगळतां, ज्यावर तो नाहीं तें पत्र निघालेंच नाहीं असें समजावें. स्वतःच्या सहीच्या कागदावर प्रजेला अशी कसोटी लावूं देणें हें खऱ्या अधिकाराचें चिन्ह आहे. खोटा अधिकार मात्र म्हणतो, आजच, आतांच, कोणास न विचारतां कर.

अर्थात् क्रमांकही खोटा छापतां येतो. यास्तव पत्रांतील दुव्याला बोट लावूं नये. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हें स्थळ स्वतः लिहून उघडावें आणि तेथें तो क्रमांक ताडून पाहावा. त्यासाठीं खातें लागत नाहीं. पाठविणाराचें नुसतें नांव वाचून भुलूं नये, कारण तें वाटेल तें लिहितां येतें; पुरा पत्ता पाहावा, आणि तोही पुरता पुरावा मानूं नये. आयकर विभाग ई-मेलनें पिन, पासवर्ड वा कार्डाचा क्रमांक मागत नाहीं. ओटीपी कोणासही सांगूं नये, मग विचारणारा कितीही मोठा साहेब असो.

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ मध्यें सामूहिक वनहक्क मिळाला. तेथें महत्त्वाचा निर्णय एकट्यानें होत नाहीं. सर्वांनीं बसून, सर्वांची संमति झाल्यावरच होतो. ठकाला नेमकी हीच बैठक नको असते. त्याला पाहिजे एकटा, घाबरलेला, मोबाइल हातीं धरलेला मनुष्य. आज बांबू व तेंदूपानांचा पैसा अनेक ग्रामसभांच्या बँक-खात्यांत येतो. ज्याच्याकडे त्या खात्याचा मोबाइल आहे त्यानें असें पत्र आल्यास आधीं चौघांस दाखवावें, मग उत्तराचा विचार करावा.

आणि कोणी फसलाच तर? त्यानें तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व बँकेस सांगावें. येथें आमच्या पंचांस व शिक्षकांस एक विनंति आहे: त्याला हसूं नये. तक्रार जितकी लौकर जाईल, तितका पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक. लाजेनें गप्प बसलेला मनुष्य पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत बायकोलाही सांगत नाहीं, आणि तोंवर त्याची रक्कम चार खात्यांतून फिरून गेलेली असते.