प्रश्नाला बसायला जागा

जून उजाडला की मराठवाड्यातल्या सोनपेठला कॉलेज प्रवेशाची गर्दी सुरू होते. तालुक्यातल्या खेड्यांतून पोरं येतात, कुणी एसटीनं, कुणी मोटारसायकलवर तिघं बसून. हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये टीसी, गुणपत्रक, आधारची झेरॉक्स. अर्जातले ‘धर्म’ आणि ‘जात’ हे रकाने बहुतेक जण सरसर भरून टाकतात. एखाद्याचं पेन मात्र तिथेच अडतं. तो रविवारी आईबरोबर उपासनेला जातो, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतो. दाखल्यावर मात्र ‘हिंदू’ आणि त्यापुढे आजोबांची जात.

याला ढोंग म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्माशी बांधून टाकला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेला दलित बाहेरच राहिला. खरं लिहावं तर त्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती जाते, न लिहावं तर मन खातं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं हे विचारायचं कुणाला? आई म्हणते, गप्प राहा. चर्चच्या मंडळीत विचारलं तर विश्वास कमी पडतोय असं ऐकावं लागतं. वर्गात तर विषयच निघत नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकांत ख्रिस्ती होते जेमतेम पावणेअकरा लाख, म्हणजे शंभरात एकही नाही. अशा ठिकाणी कॉलेजातली चार-पाच ख्रिस्ती मुलं एकत्र बसून प्रार्थना करतात, बायबल वाचतात, याचं मोल मला फार वाटतं. पण त्या गटाचं पहिलं काम गाणी म्हणणं किंवा माणसं वाढवणं हे नव्हे. ज्या प्रश्नाला कुठेच थारा नाही त्याला बसायला जागा देणं, हे त्याचं पहिलं काम.

याचा धडा आपल्याच एका बाईनं घालून दिला आहे. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या. तिथून त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1977 मध्ये छापली. त्यात एका क्रूसाची गोष्ट आहे. गळ्यात घालायच्या त्या क्रूसावर लॅटिन शब्द होते. रमाबाईंनी विचारलं, लॅटिनच का? आमच्या माणसांना न समजणारे शब्द मी का मिरवू? संस्कृत का चालू नये? सिस्टरांना यात अहंकार दिसला. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र ओळखलं की ही बाई विचार केल्याशिवाय काहीच स्वीकारणार नाही. त्या रमाबाईंच्या शंकांशी पत्रातून, बोलण्यातून झुंजत राहिल्या.

क्रूसावर लॅटिन नको म्हणणाऱ्या या बाईनं पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. अडल्यानडल्या बायकांना कळेल अशीच मराठी त्यांना हवी होती. खिळे जुळवण्यापासूनची कामं मुक्तीतल्या बायकांनी केली. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, 1924 मध्ये ते बायबल निघालं. कॉलेजात विचारलेल्या एका अवघड प्रश्नाला चाळीस वर्षांनी आलेलं हे फळ आहे.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती विश्वासाचा धागाही शिक्षणातूनच येतो. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकलेले नारायण शेषाद्री 1843 मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे जालन्याला आले आणि जालन्याजवळ त्यांनी बेथेल गाव वसवलं. पण त्याच 1843 साली त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याच्यावरून मुंबईत वादळ उठलं आणि न्यायालयानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. शिक्षकाच्या वजनाखाली कोवळं मन वाकवलं जाईल, ही भीती तेव्हापासून आईबापांच्या मनात आहे, आणि ती खोटी म्हणता येत नाही. आपल्या घटनेचं 25 वं कलम सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. 28 वं सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदतीच्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. म्हणून ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत, त्यानं आपल्या विद्यार्थ्याला प्रार्थनेचा आग्रह करूच नये. विश्वासाचं दार आतून उघडावं लागतं.

सोनपेठच्या शेजारी गंगाखेड, संत जनाबाईंचं गाव. दळता-कांडता विठ्ठलाला हाका मारणारी, प्रसंगी त्याच्यावर रागावणारी जनी इथल्या ख्रिस्ती पोरांनीही आजीच्या तोंडून ऐकलेली असते. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तो पूल आजही उभा आहे, मग प्रार्थना मोबाईलवरच्या उसन्या शब्दांत कशाला करायची? देवाशी भांडणं बायबललाही परकं नाही. सगळं गमावलेला ईयोब देवाला जाब विचारतो आणि त्याचे शहाणे मित्र देवाची वकिली करतात. शेवटी देव सांगतो की माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. कॉलेजातल्या प्रत्येक बायबल अभ्यासाची सुरुवात माझ्या मते ईयोबाच्या याच पुस्तकानं व्हावी.

अर्जाच्या त्या रकान्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. माणसाच्या श्रद्धेवर शिष्यवृत्तीची किंमत लावणारा नियम अन्यायाचा आहे आणि तो बदललाच पाहिजे, एवढं मी ठामपणे म्हणतो. बाप्तिस्म्यानं जात पुसली जात नाही, हे गावकुसाबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो नियम बदलेपर्यंत पाळकांना, प्राध्यापकांना आणि वरच्या वर्गातल्या मुलांना माझी हात जोडून विनंती आहे. तो पोरगा उद्या तुमच्या गटात येईल आणि दाराशीच घुटमळेल. त्याला खोटारडा म्हणू नका, वचन सांगून वाटेला लावू नका. आधी सतरंजीवर सरकून त्याला जागा करून द्या आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.