लाल दोरे

कोथरूड, पुणे

चि. ओंकार यास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. पेढेही पोचले. बारा जणांची कंपनी दोन वर्षांत नव्वदांवर गेली आणि आता आठही टीम्सचा कारभार तुझ्या गळ्यात पडला. टीम्सना किल्ल्यांची नावं दिलीस, ऐकून गंमत वाटली. पण ‘मावशी, बारा जण होतो तेव्हा जे दोन आठवड्यांत व्हायचं ते आता दोन महिन्यांत होत नाही, कोणतं फ्रेमवर्क आणू?’ हे वाचल्यावर मेसेजवर भागेना, म्हणून हे पत्र.

आधी साधा हिशेब. बारा माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात 66. नव्वदांत 4005. माणसं साडेसातपट, पण बोलण्याच्या वाटा साठपट. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएमच्या ओएस/360 च्या कामात हे सोसलं आणि 1975 साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये लिहून ठेवलं: रखडलेल्या प्रकल्पात माणसं ओतली की तो आणखी रखडतो. स्क्रम गाइडची 2020 ची आवृत्तीही टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची असावी असंच म्हणते. म्हणजे टीमच्या आत काय करायचं ते तुला येतंच. तुझं दुखणं दोन टीम्सच्या मधल्या जागेत आहे.

माझीच चूक सांगते. ज्या कंपनीत मी होते तिथे माझ्याकडे चाळीसेक माणसं आली, तेव्हा मी त्यांच्या चार टीम्स पाडल्या: स्क्रीनवाले, सर्व्हरवाले, डेटाबेसवाले आणि टेस्टिंगवाले. प्रत्येकाचं स्टँडअप वेगळं, बॅकलॉग वेगळा, आणि बोर्ड मात्र सगळ्यांचे हिरवेगार. एकदा ग्राहकाने बिलावर एक जास्तीची ओळ मागितली. डेटाबेसवाल्यांनी पहिल्या स्प्रिंटमध्ये कॉलम दिला. सर्व्हरवाल्यांनी तो दुसऱ्यात उचलला, स्क्रीनवाल्यांनी तिसऱ्यात आणि टेस्टिंगने चौथ्यात. तीन दिवसांच्या कामाला आठ आठवडे लागले. चारही टीम्सनी आपापला स्प्रिंट यशस्वी म्हणून बंद केला, आणि ग्राहक बिचारा फोन करकरून थकला.

संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशीच घडण तिच्या सॉफ्टवेअरला येते, हे मेल्व्हिन कॉन्वे यांनी 1968 सालीच मांडलं होतं. मी ते वाचलेलं होतं. पण वाचून जे कळलं नव्हतं ते त्या बिलाने शिकवलं.

मग टीम्स मोडल्या आणि ग्राहकाच्या कामाप्रमाणे पुन्हा बांधल्या. बिलिंगच्या टीममध्ये स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं येणारी माणसं बसवली. पहिले तीन महिने वेग होता त्याहून पडला. डेटाबेसचे आमचे सर्वांत जुने गृहस्थ रुसले, आपली माणसं काढून घेतली म्हणून. त्यांना आठवड्यातून एकदा सगळ्या टीम्समधल्या डेटाबेसवाल्यांना शिकवायला बसवलं, तेव्हा कुठे निवळले. तुझ्याकडेही कुणीतरी असे रुसणारच. त्यांच्याशी आधी बोल, नव्या टीम्सचा तक्ता नंतर लाव.

आता फ्रेमवर्कचं. क्रेग लार्मन आणि बास व्होडे यांचं लेस दोन ते आठ टीम्सना एकच बॅकलॉग आणि एकच प्रॉडक्ट ओनर देतं. आठ टीम्सच्या आठ प्रॉडक्ट ओनरांनी आठ दिशांना ओढायचं नसेल, तर एवढं तरी त्यातून घेच. स्पॉटिफायच्या स्क्वाड आणि ट्राइबची नावं तुझ्या मेसेजमध्ये तीनदा आली. हेन्रिक निबर्ग आणि अँडर्स इवारसन यांनी 2012 साली त्यांच्याबद्दलचा लेख लिहिला तेव्हा हे आजच्या आमच्या कामाचं फक्त एक क्षणचित्र आहे, असं त्यातच बजावलं होतं. लोकांनी त्या फोटोची तसबीर करून तिला हार घातला.

डीन लेफिंगवेल यांचं सेफ पन्नास ते सव्वाशे माणसांची एक ‘ट्रेन’ करतं आणि पुढच्या आठ ते बारा आठवड्यांचं नियोजन सगळ्यांना दोन दिवस एकत्र बसवून करतं. त्याचा पसारा तुला झेपणार नाही, पण त्यातला भिंतीवरचा बोर्ड मी आनंदाने उचलला. आडव्या ओळी टीम्सच्या, उभे रकाने स्प्रिंटचे. एका टीमचं काम दुसरीवर अडत असेल तिथे दोन कार्डांमध्ये लाल दोरा. पहिल्यांदा लावला तेव्हा भिंतीवर कोळ्याचं जाळं झालं. तूही असा बोर्ड लाव.

बहुतेक ठिकाणी हे दोरे सांभाळायला माणूस नेमतात. मग त्याच्या मीटिंगा सुरू होतात, मग त्या मीटिंगांची तयारी करणारा आणखी एक येतो. तू तसं करू नकोस. प्रत्येक दोऱ्यापाशी उभं राहून विचार, हा इथे का आहे? सर्व्हरवर काही चढवायची परवानगी एकाच टीमकडे असेल, तर ती बाकीच्यांनाही दे. एकाच कोडमध्ये दोन टीम्सचे हात असतील, तर ते एकीच्या नावावर कर आणि दुसरीने केलेला बदल तिने त्याच दिवशी तपासावा असं ठरव. माहिती एकट्या एखादीच्या डोक्यात असेल, तर तिला एक स्प्रिंट अडलेल्या टीममध्ये नेऊन बसव. काही दोरे राहतीलच. पैशांच्या व्यवहाराची सुरक्षा कुणीतरी वेगळ्या नजरेने पाहायलाच हवी. तेवढे राहू देत.

आणखी एक. टीम्सची व्हेलॉसिटी शेजारी शेजारी लावून वरच्यांना दाखवू नकोस. आम्ही दाखवली, तर पुढच्याच स्प्रिंटपासून तीन पॉइंटचं काम पाचाचं झालं. ‘काम झालं’ याचा अर्थ मात्र आठही टीम्सना एकच असू दे: सगळ्यांच्या कोडमध्ये मिसळलेलं, तपासलेलं आणि ग्राहकाला देता येईल असं. नाहीतर प्रत्येक किल्लेदार आपलाच तट राखत बसेल.

दिवाळीला येशील तेव्हा भिंतीचे दोन फोटो आण, आजचा आणि तेव्हाचा. आपण दोघं बसून दोरे मोजू. फ्रेमवर्क कुठलं घेतलंस ते नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी