आधी वही काढा

रडणं थांबवा, दोघांनीही. माझ्या वर्गात रडून कुणाचं गणित सुटलं नाही, इथेही सुटणार नाही.

एकाच आठवड्यात दोघंही माझ्याकडे येऊन गेलात. तू आलास तो अक्कलकोट रोडवरून थेट, टॉवेलच्या कारखान्यातला कापूस अजून केसांत होता. "बाई, वीस हजार द्या, पण घरी बोलू नका." ही आली ती दुपारची, ह्याची पाळी बघून. "बाई, दहा हजारांची नड आहे, ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका." दोघांनाही मी नाही म्हटलं आणि आज समोरासमोर बसवलं. बाईंनी दगा दिला असं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. कर्ज सगळ्यांना होतं. पण नवरा-बायको एका ताटात जेवतात आणि देणं मात्र एकमेकांपासून लपवून ठेवतात, याला संसार म्हणत नाहीत.

तू आधी बोल. खाजगी सावकाराकडून 40 हजार उचललेस, बहिणीच्या लग्नासाठी. व्याज काय? "शेकडा पाच." पाच म्हणजे किती रे? सातवीत द.सा.द.शे. फळ्यावर दहा वेळा लिहून घेतलं होतं तुझ्याकडून. दर साल, दर शेकडा. सावकार महिन्याचं बोलतो, तू वर्षाचं करून बघायचं. पाच गुणिले बारा, साठ. 40 हजारांवर महिन्याला 2 हजार नुसतं व्याज. चौदा महिने भरतोयस, म्हणजे 28 हजार गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे. महाराष्ट्रात 2014 चा सावकारीचा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. त्या दराने चौदा महिन्यांचे 8,400 झाले असते. 19,600 तू जास्तीचे मोजलेस. आणि त्याच्याकडे परवाना आहे का, हे तू विचारलंही नाहीस. वर कोऱ्या चेकवर सह्या! हात दाखवून अवलक्षण ते हेच. का, तर बँकेत गेलो की मॅनेजर चार प्रश्न विचारतो आणि सावकार एकही विचारत नाही, म्हणून. अरे, जो काहीच विचारत नाही त्यालाच घाबरायचं असतं.

मोटारसायकलचं ऐक. 60 हजार, दोन वर्षं, "फक्त बारा टक्के फ्लॅट". 3,100 चा हप्ता. दर महिन्याला मुद्दल फिटत जातं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण 60 हजारांवर. त्यामुळे खरा दर पडतो 21-22 टक्के. कर्ज घेताना वार्षिक दराचा कागद मागून घ्यायचा असतो, रिझर्व्ह बँकेने तो द्यायला लावलाय. तू गाडीचा रंग बघत बसलास.

हसू नकोस गं. तुझी पाळी आता.

मायक्रोफायनान्सच्या गटाचं पहिलं कर्ज भावाच्या लग्नातला आहेर आणि पोराची शिकवणी यांत गेलं. शिकवणीचं मी समजू शकते. आहेराचं नाही. शिवण करून पोट भरणाऱ्या बहिणीनं कर्ज काढून भारी आहेर केला म्हणून कोणत्या भावाची मान उंचावते? आणि दुसऱ्या गटाचं कर्ज? नाव तुझं, सही तुझी, पैसे वापरले शेजारणीनं. पाच हप्ते तिनं दिले, मग ती माहेरी गेली ती गेलीच. आता दोन्ही गटांचे मिळून महिन्याला 4,800 तू भरतेस, घरखर्चातून काढून, ह्याला न सांगता. ह्याला वाटतं किराणा महाग झाला!

त्या दुसऱ्या अर्जावर काय लिहिलंस ते आठव. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. अशा कर्जात घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुझ्या अर्जात उत्पन्न फुगवलेलं, मोटारसायकल नाही, मोबाइलचा हप्ता नाही, आणि सावकार तर तुलाच माहीत नव्हता. नियम तुमच्या भल्यासाठी होता, तुम्ही दोघांनी मिळून तो मोडला. मिळून केलेलं एवढं एकच काम. पण वसुलीवाला रात्री साडेआठला दारात येऊन बसतो म्हणालीस ना, ते मात्र ऐकून घ्यायचं नाही. संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी नऊच्या आत त्याला येता येत नाही. शिवीगाळ करता येत नाही. तोंडावर सांग, आणि लेखी तक्रार कर.

आता वही काढा. मी सांगते, ही लिहील, तू बेरीज करशील. कॅल्क्युलेटर नको.

तुझा पगार 16 हजार. हिचे सात. आणि गं, तू मला सांगताना मे महिन्याचा आकडा सांगितलास. शाळा उघडायच्या आधी गणवेशाचं काम तुंबलेलं असतं, तेव्हा कुणाच्याही हातात पैसा खुळखुळतो. दिवाळीनंतर मिळतात ते हे सातच धर. सासूबाईंची विडीच्या फंडाची पेन्शन एक हजार. झाले 24. देणं सांग. सावकाराचं व्याज 2,000. गाडी 3,100. गट 4,800. मोबाइल 1,500. कारखान्यातून घेतलेल्या उचलीचे कापतात ते 1,000. बेरीज? 12,400. निम्म्याच्या वर. उरले 11,600 आणि घरखर्च, काटकसर करून, पंधरा हजार. दर महिन्याला 3,400 कमी पडतात आणि ते कुठून येतात? नव्या कर्जातून. माझ्याकडे का आलात ते कळलं आता?

मला राग कशाचा येतो सांगू? तुम्हाला हिशोब येत नाही असं नाही. हिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयवर दुधाचे खाडे टिपलेले असतात, गवळ्याशी अर्ध्या लिटरवरून भांडते ही. आणि पाण्याचं बघा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. तुमच्या घरात कुठल्या बॅरलमध्ये किती उरलंय हे पोरालासुद्धा माहीत असतं. पिण्याचं कुठलं, धुण्याचं कुठलं, पाहुणे आले तर कुठल्या घागरीला हात लावायचा, कुणाला विचारावं लागत नाही. चोरून एखादी बादली कुणी सांडली तर घरभर बोंब होते. मग पैशाचं बॅरल झाकून का ठेवलंय? दोघंही तळाशी भोकं पाडताय आणि दोघंही वर झाकण घट्ट लावताय.

शंभर वर्षांपूर्वी याच गावात सरकारनं गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. मुंबईच्या मजूर कार्यालयाने 1928 साली अहवाल छापला. पुढे 1931 मध्ये कामगारांची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनने देशभराचं लिहिलं, की बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोन-तृतीयांश तरी कामगार कर्जात आहेत. कारणांत लग्नकार्य, सण आणि सावकाराचं व्याज. तुझे आजोबा गिरणीत होते. त्यांना वाचता येत नव्हतं, सावकार कागदावर काय लिहितो ते कळत नव्हतं. तुझी काय सबब? बारावी झालायस तू.

आता काय करायचं ते सांगते, मध्ये बोलू नका.

सावकाराकडे एकट्यानं जायचं नाही. आधी सहकार खात्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयात जा, भरलेल्या व्याजाच्या तारखा लिहून ने. तिथे काय ठरतं ते बघू. द्यावं लागलंच तर हिचं गंठण बँकेत तारण ठेवता येईल. सोनं कपाटात आणि डोक्यावर साठ टक्के, हा शहाणपणा मला कळत नाही. बँकेत तेवढ्याच रकमेला महिन्याचे चारएकशे रुपये व्याज पडेल. म्हणजे 1,600 तिथेच सुटले. पण गंठण तिचं आहे. तू मागायचं नाहीस. तू हिशोब मांडायचा आणि ती काय म्हणते ते ऐकायचं. नाही म्हणाली तर दुसरा रस्ता शोधायचा. ठेवलं तर सोडवण्याची तारीख वहीत तुझ्या अक्षरात लिहायची.

मोबाइलचे दोनच हप्ते राहिलेत, ते भरा. संपले की 1,500 मोकळे. लगेच नवा घेतलात तर माझ्या दारात उभं राहू नका. 3,400 मधून 3,100 भरून आले. उरले तीनशे. ते कुठून आणायचे ते तुझ्या खिशाला विचार. तुझ्या माव्याच्या पुड्या कुठल्याच बेरजेत आल्या नाहीत, मी काही आंधळी नाही.

एक गट फेडायला दुसरा गट नाही. शेजारणीच्या माहेरी दोघांनी मिळून जा, एकटी तू गेलीस तर चहा पाजून परत पाठवतील. उचल फिटेपर्यंत नवी उचल नाही. आणि दोघांनीही महिन्याला दोनशे-दोनशे स्वतःकडे ठेवायचे, त्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. चमकू नका. बायकोला गजऱ्याचे पैसे मागावे लागतात त्या घरात चोरकप्पे तयार होतात. माणूस आहे, त्याला आपला म्हणून चार पैसे लागतात. हे दोनशे-दोनशे कुठून? किराण्याची यादी दोघांनी बसून करा, मग सांगा मला जागा सापडत नाही म्हणून.

गड्ड्याच्या जत्रेत या वर्षी पोराला पाळण्यात बसवा, भजी खा, घरी या. त्याला परिस्थिती सांगा. नववीत आहे, त्याला सगळं कळतं. तुम्ही स्वयंपाकघरात कुजबुजता तेव्हा तो पांघरुणात जागा असतो. त्याला बेरीज तपासायला द्या, तुझ्यापेक्षा बरी करतो.

पगार झाला की पहिल्या रविवारी वही घेऊन दोघांनी यायचं, तीन महिने. एकट्यानं आलेल्याला दार उघडणार नाही. आणि पुढच्या वेळी आईंना रिक्षानं आणा. त्यांची हजाराची एक भिशी चालू आहे गल्लीत. पेन्शन तर तुम्ही आत्ता जमेत धरलीत, मग भिशीचे हजार त्या कुठून भरतात ते त्यांच्याच तोंडून ऐकू.