भाकरीच्या राखणीस बंदूक

घरीं दाणा आहे आणि दारीं उपाशी मनुष्य उभा आहे, अशा वेळीं काय करावें हें लहान मूलही सांगेल. परंतु त्या दोहोंच्या मध्यें बंदूकवाला उभा असला तर काय करावें? देणाऱ्यानेंही बंदूक धरावी काय? आफ्रिका खंडाच्या पूर्व किनाऱ्यावरील सोमालिया देशांत १९९२ सालीं हा प्रश्न पुष्कळ सज्जनांपुढें प्रत्यक्ष येऊन ठेपला. म्हणून वाचकांबरोबर त्याचा थोडा विचार करूं.

त्या देशाचा हुकूमशहा सियाद बारे १९९१ च्या जानेवारींत राजधानी मोगादिशू सोडून पळाला, आणि त्यास घालविणारे पुढारी आपसांत लढूं लागले. बैदोआ गांवाभोंवतालचा मुलूख जोंधळ्याचा. आपल्याकडील जुन्या कुणब्यांप्रमाणें तेथील शेतकरीही जमिनींत पेंव खणून धान्य सांठवीत. पळणारें सैन्य व पाठलाग करणारें सैन्य, दोघांनींही तीं पेंवें उपसलीं आणि गुरें हांकून नेलीं. अवर्षण होतेंच, पण पेंवांत दाणा असता तर एकट्या अवर्षणानें एवढा संहार झाला नसता. दोन लाखांहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे.

बाहेरून धान्याचीं जहाजें आलीं, तीं बंदरांतच लुटलीं जाऊं लागलीं. जेथें राज्य नाहीं तेथें तांदुळाचें पोतें हेंच नाणें. हत्यारबंद पहारा न घेण्याविषयीं प्रसिद्ध असलेल्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीनेंही तेथें पगारी बंदूकवाले ठेविले. असल्या पहारेकऱ्यांपैकीं पुष्कळ लोक टोळ्यांतलेच! कुंपणासच पगार देऊन शेत खाऊं नको अशी विनवणी करावी, तसा हा प्रकार. त्या मंडळीस दोष देणें सोपें आहे. मला तो देववत नाहीं. गाडी थांबली असती तर त्या दिवशीं मरणाऱ्या मुलास आमच्या निष्कलंक हातांचा काय उपयोग?

मात्र त्याच समितीनें आणखी एक युक्ति केली, तिच्याकडे लोकांचें लक्ष फारसें जात नाहीं. कोरडें धान्य वांटण्याऐवजीं तिनें ठिकठिकाणीं चुली मांडल्या. अशीं ९०० हून अधिक अन्नछत्रें चालत, व त्यांत रोज दहा लाखांवर माणसें जेवत. पोतें चोरून बाजारांत विकतां येतें. शिजलेलें अन्न दुसऱ्या दिवशीं आंबतें. त्यासाठीं गोळी कोण झाडील? लूट अजिबात थांबली असें नव्हे, कारण चुलीपर्यंत धान्य न्यावेंच लागे. तथापि चोरण्याजोगें कांहीं उरूं न देणें हेंही एक प्रकारचें राखणेंच होय.

संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधि मोहमद साहनून हे अल्जीरियाचे गृहस्थ त्याच वर्षीं टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांजवळ बसून समेट जुळवीत होते. आपल्याच संस्थेच्या दिरंगाईवर ते उघड बोलले, आणि ऑक्टोबरांत त्यांनीं पद सोडलें.

डिसेंबरांत अमेरिकेच्या पुढारीपणाखालीं परदेशी फौज उतरली; पुढें ती सुमारें ३७,००० झाली. रस्ते मोकळे झाले व अन्न पोंचलें, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. येथवर बंदूक राखणदार होती. परंतु १९९३ च्या ५ जून रोजीं संयुक्त राष्ट्रांचे २४ पाकिस्तानी शिपाई मारले गेले, आणि मग फरा ऐदीद या एका सरदारास पकडण्याचा ध्यास लागला. राखणदार शिकारी झाला. १२ जुलै रोजीं ज्या घरावर अमेरिकन हेलिकॉप्टरांनीं मारा केला, त्यांत ऐदीदच्या टोळीचे वडीलधारे जमले होते. कित्येक जागींच ठार झाले. ज्यांच्याशीं बोलावयाचें त्यांसच मारिलें, तर उद्यां बोलावें कोणाशीं? ऑक्टोबरच्या लढाईंत १८ अमेरिकन शिपाई व शेंकडों सोमाली पडले. १९९४ च्या मार्चांत अमेरिकन फौज गेली, आणि पुढच्या मार्चांत संयुक्त राष्ट्रांचीही.

बैदोआच्या बाजूस त्या दिवसांत आपल्या भारताची एक ब्रिगेड होती. तिच्याही हातीं बंदुका होत्या. पण तिनें विहिरी खणल्या आणि गुराढोरांस औषधपाणी केलें. १९९४ सालीं तिचे कांहीं शिपाई व डॉक्टर तेथेंच मारले गेले. ज्यांच्या गुरांस औषध दिलें त्यांच्याच मुलुखांत हें घडलें, हें आठवलें म्हणजे बंदूक धरावी कीं न धरावी याचें उत्तर मला अजूनही एका शब्दांत देतां येत नाहीं.